दहा एमएमचा दोर

७ ऑक्टोबर २०१८, रविवार

सकाळी सृष्टीला घेऊन नाथसागर धरणाच्या फुगवट्यावर गेले. मागच्या रविवारी होडी जिथून पाण्यात लोटली, तिथून पाणी आज साठ-सत्तर पावलं आत सरकलेलं. गाळात पोटऱ्यांपर्यंत पाय रुतवत आम्ही दोघींनी आणि बन्सीने होडी ओढली. बन्सी इथलाच मासेमार. सरावाच्या दिवशी तो आपली वल्ह्याची होडी घेऊन जवळ थांबतो, कुणी पाण्यात पडलं तर असावा म्हणून.

कॉलेजकडे शिडाच्या दोन होड्या आहेत, चालू एकच. तिच्या शिडाचा दोर जागोजाग उसवला आहे. शीड ताणायचं ते या दोराने आणि वारा जास्त झाला की सैल सोडायचं तेही यानेच. सृष्टीला मी आज लांब जाऊ दिलं नाही.

"मॅडम, तुटला तर तुटला, मी पोहत येईन की," ती म्हणाली. देवगाव रंगारीच्या विहिरींत पोहायला शिकलेली मुलगी. तिच्या घरचे मेंढरं पाळणारे. घरात कॉलेजात आलेली ही पहिली. अठ्ठेचाळीस किलो वजन, आणि वाऱ्याची झुळूक यायच्या आधीच तिची मान तिकडे वळलेली असते. मी शिडाच्या होडीच्या पंधरा दिवसांच्या शिबिरात जे शिकले तेवढं तिला शिकवून झालं. आता ती करते आणि मी किनाऱ्यावरून बघते. क्रीडाशिक्षिकेच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत अशी मुलगी मला मिळाली नव्हती.

शिडाच्या होडीची निवड चाचणी ८ आणि ९ डिसेंबरला. पहिल्या तिघींना राज्याच्या निवासी प्रशिक्षणात घेतात. तिघींत ती येईल. हे मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

दोर बदलायला हवा. किती जाडीचा घ्यावा?

११ ऑक्टोबर, गुरुवार

होडीसोबत आलेली पुस्तिका काढली. शिडाच्या दोरासमोर ८ एमएम लिहिलं आहे. कमीत कमी की नेमकं, ते दिलेलं नाही. मी ते किमान समजते. छापील आकडा हा नेहमी कुणीतरी बचत करून ठरवलेला असतो.

कॉलेज सुटल्यावर शहागंजात वाहेदभाईंच्या दुकानी गेले. दुष्काळात दोराचा धंदा वाढतो हे आज कळलं. विहिरी खोल गेल्या की दोर लांब लागतात. सिल्लोडकडचे दोघे शंभर-शंभर फुटांची बंडलं खांद्यावर टाकून बाहेर पडत होते.

"काम क्या है सो पहले बोलो मॅडम," वाहेदभाई म्हणाले. मी शिडाची होडी म्हटल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "यहाँ ढोरां को पीने कू पानी नै, आप नाव चलारे!"

मी जुन्या दोराचा तुकडा पुढे केला. त्यांनी तो अंगठ्याखाली फिरवला. "आठ का है. आठ का ही लेओ."

"दस में क्या खराबी है?"

"खराबी कुछ नै. ट्रक खींच लेओ. मगर चीज आठ की है तो आठ डालना. बाकी मैं तो बेचनेच बैठा हूँ, मेरे कू क्या."

दहाचा घेतला. पिळाचा, पांढरा, कडक. हातात घेतल्यावर बरं वाटलं.

घरी विशाखाने बंडल बघितलं आणि हसायला लागली. आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरीही दहाचीच आहे. तिच्यावर चिमटे बसत नाहीत. वारा सुटला की कपडे खालच्या टँकरवर जाऊन पडतात. "मम्मी, आता नवीन दोरीवर म्हैस वाळत घालायची का?" म्हणाली. बारावीतल्या मुलीला सगळ्याचं हसू येतं.

तिला मी हे कधी नीट सांगितलेलं नाही, इथे लिहिते. १९८७च्या उन्हाळ्यात माझे वडील कडुबा विहिरीच्या कामावर होते. तळाशी दगड भरायचे. दगडांची पाटी वर जाताना दोर तुटला, पाटी अंगावर पडली आणि ते गेले. मी तेरा वर्षांची होते. चौकशी झाली तेव्हा ठेकेदाराने कागद दाखवला: दोर ठरल्या मापाचाच होता. आणि तो खरोखर ठरल्या मापाचाच होता. कागद बघून साहेब उठले, आणि माझी आई गोजरबाई तिथेच बसून राहिली.

तेव्हापासून मी ठरल्या मापाचं काही घेत नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज सराव ठेवला नाही. दोराची परीक्षा घेतली. कॉलेजच्या मैदानातल्या कडुलिंबाला दोर बांधून खाली वाळूची दोन पोती लटकवली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. एक धागा हलला नाही. तारीख, वेळ, वजन वहीत नोंदवलं. शिपाई कारभारी म्हणाला, "मॅडम, फाशी कुणाला देणार?" मी हसले नाही, पण नंतर एकटीला हसू आलं.

होडीवर दोर ज्या कप्पीतून जातो तिच्यातूनही ओवून बघितला. थोडा घट्ट जातो, पण दोन बोटांनी ओढला की येतो.

२१ ऑक्टोबर, रविवार

नवीन दोर लावून पहिला सराव. वारा बेताचा. सृष्टी तासाभराने परत आली तीच तळहात चोळत.

"मॅडम, ह्यो दोर ओढायला ठीक हाय. पण सोडला की जात नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सोडते, आन् त्यो तिथंच बसून राहातो. विचार केल्यासारखा."

मी तिला सांगितलं की नवीन दोर कडक असतो, आठ-दहा दिवसांत वळण लागेल. ती "बरं" म्हणाली. तिचं बरं म्हणजे पटलं असं नसतं, पण ती वाद घालत नाही. हे मला आवडतं, आणि शिक्षकाला हे आवडावं का, असाही प्रश्न पडतो.

तिचे आजोबा मुंजाबाबा मेंढरं घेऊन इथेच उतरले आहेत. पाणी हटलं की मागे गाळावर हिरवं फुटतं, म्हणून कन्नडकडचे दोन-तीन कळप आलेत. पाणी आत जातं तसा त्यांचा तळही आत सरकतो, आमच्या होडीसारखाच. म्हातारा ऐंशीच्या पुढचा असेल. काठी टेकत होडीपाशी आला, कप्पीतला दोर अंगठ्याने दाबून बघितला आणि बोळक्या तोंडाने हसला.

"मॅडमबाई, ह्यो नाडा लावला व्हय तुमी?"

मला कळलं नाही. मग त्यांनी गाळात बसकण मारून समजावलं. मोटेला दोन दोर असतात. नाडा जाड, त्याच्यावर मोटेचा सगळा भार. दुसरा सोंदूर, बारीक. तो मोटेची सोंड धरून ठेवतो आणि वर आल्यावर मोकळी करतो. "सोंदुरावर वजन नसतं, बाई. त्याचं काम सुटायचं. आमच्या चुलत्यानं येकदा मजबूत म्हून दोनी दोर नाड्याचंच लावले. सोंदूर रुळावर आडकला, मोट तोंड उघडंना, बैलं धावंच्या उतारावर तशीच ताठ. लई हसले लोक."

"आबा, होडी हाय ती, मोट नाय," सृष्टी म्हणाली.

"पाणीच हाय ना दोनीकडं?"

मी म्हटलं, "बघते, बाबा."

२२ ऑक्टोबर, सोमवार

काल मी 'बघते' म्हटलं ते बघायचं नाही म्हणून. हे लिहून ठेवलं पाहिजे.

कारण काय? आमच्या गावची विहीर माझ्या आजोबांच्या पिढीने खोदली. पाणी लागलं त्या दिवसापासून, मोटेचं पाणी पडतं त्या तिच्या थारोळ्यापाशी उभं राहायची आमच्या घराला मनाई. नाडा आणि सोंदूर हे शब्द मी काल पहिल्यांदा ऐकले, चव्वेचाळिसाव्या वर्षी. बाबासाहेबांमुळे शिकले, एम.पी.एड. झाले, आणि विहिरीच्या दोराबद्दल मला गाळात बसून कुणीतरी शिकवावं! तेही हसत.

मुंजाबाबा त्या गावचे नाहीत. त्यांनी मला काही केलेलं नाही. बोलले तेही मायेने. मग त्यांचा सल्ला मी या रागापायी टाळला का? खूप वेळ विचार केला. नाही. मोट आणि शिडाची होडी यांची तुलना शास्त्रीय नाही, एवढंच.

४ नोव्हेंबर, रविवार

दुष्काळ जाहीर झाला. शहराच्या कडेच्या आमच्या सातारा परिसरात टँकरची वेळ बदलून पहाटेची केली. समोरच्या प्लॉटवर सात मजली इमारतीचा पाया चालू आहे. तिला पाणी कुठून मिळतं कोण जाणे.

पाणी आणखी शंभर पावलं मागे. बन्सी म्हणतो डिसेंबरच्या पुढे इथे होडी तरंगायची नाही. म्हणजे जे व्हायचं ते या महिन्यात.

१८ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची सुट्टी संपवून सृष्टी परत आली. वेळ मोजून फेऱ्या घेतल्या. मागच्या वर्षीच्या पहिल्या मुलीपेक्षा अवघे चार सेकंद जास्त. तिला सांगितलं तर म्हणाली, "दोर दोनदा आडकला नसता तर कमीच झाले असते."

दोर अजून कडकच आहे. भिजल्यावर फुगतो असंही दिसतं. आठचा आणावा का? शहागंज लांब नाही, अर्धा तास. पण चाचणीला तीन आठवडे राहिलेत. ऐन वेळी साहित्य बदललं आणि तुटलं तर? जाड दोराने सेकंद जातील. बारीक दोराने काय जाईल ते मी पाहिलेलं आहे.

तिला विचारावं असं आलं मनात. पण ही जबाबदारी एकोणीस वर्षांच्या पोरीवर का टाकायची?

२५ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

अकराच्या सुमारास वारा फिरला. सृष्टी किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर, वारा बाजूने घेऊन येत होती. एकदम मोठा झोत आला. होडी कलली. अशा वेळी दोर सोडायचा, म्हणजे शिडातला वारा निघून जातो. शीड ताणलेलंच राहिलं. मी ओरडले, "सोड! दोर सोड!" तीन वेळा ओरडले. शीड ताणलेलंच.

तिचे दोन्ही हात मला वर दिसले. पंजे उघडे होते.

मग ती खाली वाकली आणि हात कप्पीकडे नेला. त्याच क्षणी होडी उलटली. बन्सी वल्ही मारत पोचला तेव्हा ती होडीच्या बुडाला एका हाताने लटकलेली होती, दुसरा हात पाण्यात. तो हात वर आला तेव्हा बन्सी म्हणाला, "मॅडम, तुमी इकडं नका बघू." मी बघितलं.

उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि करंगळीजवळचं, दोर आणि कप्पीत चिरडलेली.

गाडीत तिने एकदाही आवाज केला नाही. फक्त चितेगाव मागे पडल्यावर म्हणाली, "मॅडम, मी सोडला होता."

मी म्हटलं, "आता बोलू नकोस."

२७ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही बोटं पहिल्या पेरापाशी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, जखम जानेवारीपर्यंत भरेल. पकड येईल, थोडी कमी. डिसेंबरची चाचणी गेली.

तिची आई बानाबाई आली आहे. तिने माझे पाय धरायचा प्रयत्न केला. "तुमी होत्या म्हून लेकरू दवाखान्यात तरी आलं, मॅडम." मी तिला उठवलं.

संध्याकाळी कारभारीला घेऊन फुगवट्यावर गेले आणि होडीवरचा दोर सोडवून घेतला. कप्पीतून बाहेर काढायला कारभारीला पक्कड लावावी लागली. दोर कुठेही तुटलेला नाही. एक धागाही नाही.

१ डिसेंबर, शनिवार

प्राचार्य नानासाहेबांनी बोलावलं. निवड समितीचं पत्र आलं आहे. नियम असा की साहित्यातल्या दोषामुळे खेळाडू जखमी झाली असेल, तर तिला १० फेब्रुवारीला पुन्हा चाचणी देता येते. खेळाडूच्या चुकीमुळे झाली असेल तर नाही. प्रशिक्षकाचा लेखी अहवाल हवा.

म्हणजे सगळं माझ्या अहवालावर आहे.

नानासाहेब चांगले गृहस्थ आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "मॅडम, साहित्य सदोष होतं असं लिहिलंत, तर उद्या चौकशी लागेल. दोर कुणी निवडला, कुणाला विचारून. होड्या परत जातील. पुढच्या मुलींचं काय?"

"मी खोटं लिहिणार नाही, सर."

"खोटं एक अक्षर लिहू नका. मी कधी सांगेन का तुम्हाला तसं? फक्त जे लिहायची गरज नाही, ते लिहू नका." मग चहा मागवला, आणि कप माझ्याकडे सरकवताना म्हणाले, "तुमची पदोन्नतीची फाइल पण याच महिन्यात वर जातेय, बरं का."

फाइलचा विचार माझ्या मनात आला नाही. आला, पण सगळ्यात शेवटी.

३ डिसेंबर, सोमवार

चार मसुदे केले.

प्रश्न साधा आहे. दोरात दोष होता का? दोष म्हणजे काय? वस्तू ज्यासाठी केली ते काम ती करत नसेल तर दोष. दोराचं काम न तुटणं. तो तुटला नाही. आठ तास पोती टांगली तरी तुटला नाही, होडी उलटली तरी नाही. मग त्याला सदोष म्हणायचं ते कशाच्या आधारावर? सृष्टीचं भलं व्हावं म्हणून मी धडधडीत असत्य लिहायचं का? तिच्यावरच्या मायेपोटी मी सत्याशी तडजोड करायला निघाले आहे, असं दुसरा मसुदा वाचताना वाटलं. त्यात मी 'दोर जाड असल्यामुळे' असं लिहिलं होतं. फाडला.

'पंजे उघडे होते' हे वाक्य तिसऱ्यात होतं. पण दोनशे मीटरवरून मला खात्रीने दिसलं का? चष्म्याचा नंबर वाढला आहे. जे खात्रीने सांगता येत नाही ते अहवालात घालणं बरोबर नाही.

विशाखाने विचारलं, "मम्मी, ती ताई म्हणते तिने सोडला होता. मग?"

"म्हणते ना. पण पुरावा लागतो."

विशाखा माझ्याकडे बघत राहिली. तिची आजी चौकशीच्या दिवशी साहेबांकडे बघत होती तशी. हे मला उगाचच वाटलं असेल.

४ डिसेंबर, मंगळवार

अहवाल दिला. त्यात एवढंच आहे: शिडाचा दोर नवीन व सुस्थितीत होता. तो पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा अधिक मजबूत होता. वापरापूर्वी त्याची भार-चाचणी घेतली होती व तशी नोंद आहे. अपघाताच्या वेळी दोर तुटला नाही. दोर सोडण्याची सूचना किनाऱ्यावरून तीन वेळा स्पष्टपणे देण्यात आली होती. त्यानंतर विद्यार्थिनीने हात कप्पीत घातला.

प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा तपासलं. एकही खोटं नाही. सही केली.

९ डिसेंबर, रविवार

आज चाचणी संपली असेल. दिवसभर कपाट आवरलं.

८ जानेवारी २०१९, मंगळवार

समितीचा निर्णय आला. साहित्य निर्दोष असल्याने पुनर्चाचणीस मान्यता नाही. पत्राची आणि माझ्या अहवालाची प्रत नियमाप्रमाणे सृष्टीलाही गेली आहे. हे मला आधी माहीत नव्हतं. माहीत असतं तर काही वेगळं लिहिलं असतं का? नाही, तसं म्हणणं म्हणजे आधी काहीतरी लपवलं असं होईल.

निकालाविरुद्ध महिन्याभरात प्रशिक्षकाला खुलासा देता येतो, असं पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. पत्र फाइलला लावलं.

सृष्टी हॉस्टेलवर नाही. सामान घेऊन गेली.

२० जानेवारी, रविवार

फुगवट्यावर गेले होते. होडी दोन महिन्यांपासून तिथेच, गाळात आडवी. पाणी इतकं लांब गेलं आहे की उन्हात ते पाणी आहे की नुसती चमक, ते सांगता येत नाही. गाळाला भेगा पडल्या आहेत.

खुलाशाबद्दल विचार केला. आणखी थोडा करायला हवा. घाईत लिहिलेल्याची मला भीती वाटते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज पदोन्नतीचं पत्र मिळालं. नानासाहेबांनी पेढे वाटले. मी एक खाल्ला.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

सृष्टीचं परीक्षेचं ओळखपत्र कॉलेजात पडून होतं. ते द्यायचं निमित्त करून मुंजाबाबांच्या तळावर गेले. तळ आता धरणाच्या पोटात बराच आत आहे, जिथे ऑक्टोबरमध्ये आम्ही शीड उभारायचो त्याच्याही पुढे. मेंढरांसाठी त्यांनी गाळात खोल झिरा खणला आहे. वर दोन लाकडं रोवून, आडव्या बल्लीवरून डबा सोडतात.

बाबांनी मला बघून काठी वर केली. "या बाई. त्या दोराचं काय केलं वो तुमी?"

दोर गाडीतच होता. अडीच महिने डिकीत पडून आहे. कुठे ठेवावा कळत नाही. आणून दिला. त्यांनी अंगठ्याखाली फिरवला, वाहेदभाईंनी फिरवला होता तसाच.

"चांगला नाडा हाय. आमचा दोर कुजला. हितं भार हाय, हितं ह्यो शोभल." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

सृष्टी झोपडीतून बाहेर आली. केस रुमालात बांधलेले. तिने डब्याला दोर बांधला, डाव्या हाताने आणि उजव्याच्या तीन बोटांनी. गाठ मी शिकवलेलीच. डबा खाली सोडला, भरून ओढला. दोर जाडजूड, बल्लीवरून करकरत वर येत होता. मी बघत होते.

बाबांनी पहिला तांब्या मला दिला. हातात दिला, वरून ओतला नाही. हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं याची लाज वाटली. पाणी गढूळ होतं, प्यायले.

"परीक्षेला येशील ना?" मी सृष्टीला विचारलं.

"येईन. लिहिताना बोटं दुखतात, पण येईन."

"आणि होडी... पुढच्या पावसात..."

"पाणी कुठं हाय, मॅडम."

मग ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून अहवालाची प्रत घेऊन आली. घड्यांवर कागद झिजलेला. मला वाटलं ती भांडेल. मी भांडण ऐकायला तयार होऊन गेले होते, कदाचित त्यासाठीच गेले होते.

"मॅडम, मी हे लई वेळा वाचलं. आबाला पण वाचून दाखवलं. ह्याच्यात एक पण वाक्य खोटं नाय."

तिने प्रतीची घडी पुन्हा घातली.

"मी शोधत होते. एखादं तरी सापडंल. तुमी खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मला रागावता आलं असतं."

"सृष्टी, दोर तुटला असता तर..."

"तुटला असता तर मी पोहत आले असते. पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं तुमाला."

मुंजाबाबा म्हणाले, "पोरी, बास कर. पाहुण्या हायेत त्या." आणि मला म्हणाले, "मेंढरू देऊ का येखादं कापून? जेवूनच जा." मी नको म्हटलं. गाडीपर्यंत ते सोडायला आले. चालताना सारखे खाली बघत होते; गाळाच्या भेगांत पाय जाईल म्हणून माझा दंड धरला होता.

परतताना बिडकीनजवळ गाडी बाजूला घेऊन थांबले. ठेकेदाराचा कागद आठवला. त्या कागदातही एक वाक्य खोटं नव्हतं. हे मी ऑक्टोबरातच या वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच हाताने, आणि दोर घेतला त्याच दिवशी.

१३ फेब्रुवारी, बुधवार

आज निवड समितीला पत्र लिहिलं. दोनच वाक्यं: दोर कप्पीच्या मानाने जाड होता. सृष्टीने तो सोडला होता.

पहिल्या फटक्यात लिहून झालं. मसुदा करावा लागला नाही, एक शब्द खोडावा लागला नाही. पाच मिनिटंही लागली नाहीत.

खुलाशाची मुदत गेल्या आठवड्यात संपली. पुनर्चाचणी परवाच्या रविवारी होऊन गेली. विशाखा म्हणाली, "मम्मी, पाच तारीख टाक ना. पोस्टात अडकलं असं वाटेल. निदान कुणी उघडून तरी बघेल."

मी पत्रावर आजचीच तारीख घातली. खोटी तारीख घालणं माझ्याच्याने होणार नाही.